तिसरा मजला चित्र

घरात कॅमेरा आला त्या दिवशी आईने विचारलं, "ह्याला ठेवायचं कुठे?" फणसवाडीत तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या दोन खोल्या आमच्या. राहणारे तसे आम्ही तिघंच, अण्णा, आई आणि मी. पण देवगडकडून आलेलं कुणी ना कुणी बाहेरच्या खोलीत असायचंच, आणि त्या आठवड्यात तर दोघे होते. कॅमेरा सिनेमाचा, भाड्याचा. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी सकाळी परत जायचा. शेवटी आईने देवघराखालच्या फळीवरचे डाळी-तांदळाचे डबे खाली उतरवले, तिथे जुनं लुगडं अंथरलं आणि त्याला जागा करून दिली. पाहुण्यांना तिने बजावून सांगितलं, त्या बाजूला पाय करून निजू नका. देवामुळे सांगितलं की कॅमेऱ्यामुळे, हे मला कळलं नाही.

अण्णा दादरच्या एका स्टुडिओत संकलकाचे मदतनीस होते. वीस वर्षं ते दुसऱ्यांची चित्रं कापत आणि जोडत होते. फिल्मचे तुकडे चिकटवायच्या द्रवाचा एक उग्र, गोडसर वास त्यांच्या बोटांना कायमचा लागला होता. साबणाने हात धुऊन पानावर बसले तरी पहिल्या घासाला तो यायचाच. कामावर काय झालं ते जेवताना सांगायचे. "आज एका बाईचं रडणं चार फुटांनी कमी केलं," म्हणायचे, आणि आई म्हणायची, "तिला विचारलंत का?" हा आमच्या घरातला नेहमीचा विनोद होता. आज तो लिहून काढताना मात्र हसू येत नाही.

त्याच स्टुडिओत आवाजाच्या खात्यात गौतमकाका होते. परळच्या चाळीत, बौद्ध वस्तीत वाढलेले. वडील गिरणीत, आई गिरणीच्या दारात भाजी विकणारी. शिकून, परीक्षा देऊन ते ह्या कामाला लागले होते. ते आमच्याकडे आले की गॅलरीत कठड्याला टेकून डोळे मिटून बसायचे. नव्या माणसाला वाटे, डुलकी लागली. ते ऐकत असायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, खालच्या तांबटाकडे माणूस बदललाय. हातोडा जड पडतोय." आईने दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तर म्हातारा तांबट आजारी होता आणि त्याचा पुतण्या बसला होता. तेव्हापासून गौतमकाकांसमोर आई भांडीसुद्धा जपून ठेवायची.

कंपनी काढायची असं ह्या दोघांनी एका रविवारी, कुळथाची पिठी आणि भात जेवून झाल्यावर, त्याच गॅलरीत ठरवलं. नाव काय द्यायचं यावर तासभर घोळ चालला. आई आतून वैतागून म्हणाली, "तिसरा मजला चढून कोण येणारे तुमचं चित्र बघायला?" गौतमकाकांनी डोळे उघडले. "वामन, हेच नाव." अशी 'तिसरा मजला चित्र' ही कंपनी निघाली.

त्या काळी आपल्याकडे चित्रं आधी मुकी घ्यायची आणि नंतर बंद खोलीत नटांना उभं करून आवाज भरायचा अशी रीत होती. गौतमकाकांना ती मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, माणूस जिथे बोलतो तिथलाच आवाज हवा. चाळीत बोलणाऱ्या माणसाच्या मागे चाळ ऐकू आली पाहिजे. पण कॅमेरा शिवणयंत्रासारखा वाजायचा. मग आईची एक जाड गोधडी त्याच्याभोवती गुंडाळायची, वरून उशी बांधायची, आणि भिंगापुरतं भोक ठेवायचं. पहिलं चित्र, 'पत्र्याची पेटी', असंच रविवारी-रविवारी दीड वर्षं घेतलं. गिरणगावातल्या हौशी नाटकमंडळींतले नट होते. एक पेटी डोक्यावर घेऊन मुंबईत उतरलेल्या माणसाची ती साधी गोष्ट. दादरला सकाळच्या खेळाला लागलं आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना अकरा आठवडे चाललं. लोक पडद्याकडे बघून आपापल्या चाळीतले आवाज ओळखायचे. भोंगा वाजला की गिरणीतून निवृत्त झालेली माणसं अंधारात उठून उभी राहायची आणि मग ओशाळून बसायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या चित्राला सरकारी पुरस्कार मिळाला. अण्णांनी नोकरी सोडली, दादरला एका इमारतीच्या पोटमाळ्यावर कचेरी घेतली आणि बाहेर पाटी लागली. पोटमाळ्यावर 'तिसरा मजला' ही पाटी बघून पोस्टमन दोनदा वर जाऊन परत आला.

तारामावशी आमच्या आयुष्यात आल्या त्या जेवणाच्या डब्यांबरोबर. लालबागला एका चाळीत तळमजल्यावर त्यांची खाणावळ होती. गिरणीत काम करणारे, बायकामुलं गावी ठेवून आलेले लोक महिन्याच्या बोलीवर त्यांच्याकडे जेवायचे. नवरा लवकर गेला, मुलगा लहान. दोन चुलींवर तीस-तीस माणसांचा स्वयंपाक त्या एकट्या रेटायच्या. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, जेवणारे गावाला निघून गेले. तेव्हा गौतमकाकांच्या ओळखीने 'पत्र्याची पेटी'च्या मंडळींचं रविवारचं जेवण त्यांच्याकडून यायला लागलं. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी, आणि ज्याला मासे चालत नाहीत त्याला काळ्या वाटाण्याची उसळ. काळ्याभोर, ठेंगण्या, आणि आवाज असा की तळमजल्यावरून हाक मारली तर चौथ्या मजल्यावरच्या माणसाने ओ द्यावी. त्यात एक खरखर होती. वाक्याच्या शेवटी तो आवाज जरा फाटायचा आणि तिथेच काहीतरी ऐकणाऱ्याच्या आत शिरायचं. मला त्या 'चेडवा' म्हणायच्या, म्हणजे पोरी, आणि माझ्या ताटात सगळ्यांत मोठी तुकडी टाकायच्या.

दुसरं चित्र त्यांच्यावरूनच सुचलं. 'वीस पानं'. एका खाणावळवालीची गोष्ट. वीस जण जेवत होते, एकेक करत कमी होतात, शेवटी एकच उरतो. अण्णांनी दादर-गिरगावातल्या चांगल्या नट्या बघितल्या. कुणीही चुलीपुढे बसली की ती चुलीपुढे बसलेली नटी दिसायची. एका रविवारी तारामावशी डबे परत न्यायला आल्या होत्या आणि कुणाला तरी अन्न टाकल्याबद्दल झाडत होत्या. अण्णा नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "ताराबाई, चित्रात काम कराल?" त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. पण कबूल झाल्या, एका अटीवर. "अण्णानू, पाठ करूक सांगू नकात. काय बोलूचा ता सांगा. कसा बोलूचा ता माझा मी बघतंय."

सहा महिने चित्रण चाललं, त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच चुलीपुढे. मी तेव्हा माटुंग्याला कॉलेजात होते आणि सुट्टीच्या दिवशी संवादांची वही धरून बसायचे. वहीत लिहिलेलं एक आणि तारामावशी बोलायच्या ते दुसरंच, पण त्यांचं ऐकल्यावर अण्णा वही मिटायला सांगायचे. गौतमकाका चुलीपासून दोन हातांवर मांडी घालून बसलेले, कानांवर हेडफोन, हातात काठीला बांधलेला माइक. धुराने डोळ्यांतून पाणी गळायचं, पण काठी हलायची नाही. एक प्रसंग होता, शेवटचा जेवणारा येतो तेव्हाचा. तो झाल्यावर गौतमकाकांनी हेडफोन काढून माझ्या कानांना लावला आणि फीत मागे नेऊन मला ऐकवलं. पातेल्यावरची झाकणी, लांबवर कुणाचं तरी मूल, आणि मध्ये तो आवाज. "काही घालायचं नाही ह्यात, काही काढायचं नाही," ते म्हणाले. कंपनीचे सगळ्यांत चांगले दिवस कोणते असं मला विचारलं, तर मी पुरस्काराचे दिवस सांगणार नाही. हे सांगेन.

चित्र पुरं झालं आणि वितरकांना दाखवलं. त्या खेळाला दादरची काही जाणती मंडळीही बोलावली होती. मध्यावर एका गंभीर जागी, तारामावशी मेलेल्या नवऱ्याविषयी बोलतात तिथे, मागच्या रांगेत दोघे-तिघे हसले. हेलामुळे हसले. फारसं नाही, नुसतं नाकातून. पण अण्णांच्या शेजारी मी बसले होते, आणि त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झालेला मी पाहिला. खेळ संपल्यावर वितरक शेठ बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. "चित्र फर्स्टक्लास आहे, वामनराव," ते म्हणाले. "बाईपण फर्स्टक्लास. पण आवाज? मालवणी, तोपण चिरका. कोकणाबाहेर कोण समजणार? सोलापूर, नागपूर, कुठे लावू मी? दुसरा आवाज घाला, साफ. दसऱ्याला लावतो. नाहीतर माफ करा, हे डब्यातच राहणार."

त्या संध्याकाळी अण्णा आणि गौतमकाका आमच्याकडे बसले होते. आईने केलेला चहा दोघांपुढे निवत होता.

"तो आवाज मी धरलाय, वामन," गौतमकाका म्हणाले. "धुरात बसून धरलाय."

"मला माहीत नाही का? पण लोकांपुढे गेलंच नाही तर काय उपयोग? चेहरा तिचाच राहतोय ना. गोष्ट तीच राहते. एकदा लागू दे. पुढच्या चित्रात आपल्या मनासारखं करू."

"लोक कुठले रे? 'पेटी' बघायला आले ते लोक नाहीत?"

"तेवढ्यांवर कंपनी चालत नाही, गौतम. जरा शुद्ध बोललं तर सगळ्यांना कळेल, इतकंच म्हणणं आहे त्यांचं."

गौतमकाकांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग हळू आवाजात म्हणाले, "शाळेत मास्तर मला उभं करायचे. पाणी म्हण. मी पानी म्हणायचो. वर्ग हसायचा. पुन्हा म्हण. पुन्हा पानी. अर्धा अर्धा तास. शिकलो शेवटी. आता बघ, तुझ्यासारखंच बोलतो. पण घरी आईशी बोलताना माझा घसा अजून अडखळतो, वामन. तू दुसरं काहीही म्हण. चित्र विकायचंय म्हण. शुद्ध म्हणू नकोस."

अण्णांनी मान खाली घातली. पण नाही म्हटलं नाही. आई दारात उभी होती. तिने विचारलं, "ताराबाईंना सांगितलंत का?"

"मी सांगतो," अण्णा म्हणाले.

गौतमकाका उठले. चपला घालताना म्हणाले, "पडद्यावरच्या नावांतून माझं नाव काढ. भांडण नाही. पण तो आवाज माझा नसेल, तर मी कशाला?" जिना उतरताना त्यांची पावलं मी मोजत होते, का कोण जाणे. कठड्यावरून वाकून बघितलं असतं तर ते वर बघतील अशी भीती वाटली, म्हणून मी बघितलं नाही.

दुसरा आवाज माझा होता. वितरकांनी सुचवलेल्या दोन बायका अण्णांना पसंत पडल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "नीला, तू करशील?" आतापर्यंत मी लोकांना सांगत आले, की वडिलांनी सांगितलं, मी केलं. ते खरं नाही. मला ते करायचं होतं. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं माझी, नाटकात माझा आवाज वाखाणलेला. अंधाऱ्या खोलीत पडद्यापुढे उभं राहून मोठ्या चित्रात आपला आवाज द्यायचा, ह्या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तारामावशींचा विचार मनात आला. मी तो बाजूला केला.

काम पंधरा दिवस चाललं. एकेक वाक्य हेडफोनवर त्यांच्या आवाजात ऐकायचं, दहा वेळा, वीस वेळा, ओठ कधी उघडतात, श्वास कुठे घेतला आहे ते पाठ होईपर्यंत. मग तेच माझ्या स्वच्छ मराठीत, त्यांच्या ओठांवर बसेल असं बोलायचं. हा आवाज ज्यावर भरायचा ती रुंद फीत तेव्हा महाग असायची आणि सहज मिळतही नसे. म्हणून एक रीळ माझ्या आवाजात पुरं झालं, की त्यांच्या आवाजाचं रीळ पुसून पुढच्या कामाला घ्यायचं असं ठरलं होतं. चुलीपुढे बसून आवाज धरलेल्या गौतमकाकांच्या बारक्या फितीही तशाच पुसून वापरल्या गेल्या. पुसायचं यंत्र कोपऱ्यात होतं. त्यावर रीळ फिरवताना बारीक गुणगुण व्हायची, बाकी काही नाही. मी ते बघत चहा प्यायचे.

मधल्या एका दिवशी मी लालबागला गेले. एक शब्द मला नीट कळत नव्हता आणि तो कळल्याशिवाय ओठांत बसत नव्हता. तारामावशींना वाटलं, सहज आले. त्यांनी ताट वाढलं, तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, आणि समोर बसल्या. मी शब्द विचारला. त्यांनी तो मला बोलून दाखवला, हाताने खूण करून समजावला, त्यांच्या आजीकडून कसा आला तेही सांगितलं. "इतक्या बारीक कित्याक विचारतंस गो, चेडवा? कॉलेजात लिवूक होया?" मी हो म्हटलं. त्यांना इतका आनंद झाला. आपलं बोलणं कॉलेजात जाणार म्हणून. आणखी पाच-सहा शब्द त्यांनी आपणहून सांगितले. मी जेवले, हात धुतले आणि निघाले. अण्णांनी त्यांना सांगितलेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मीही सांगितलं नाही.

पहिल्या खेळाला तारामावशी चाळीतली तीसेक माणसं घेऊन आल्या. संध्याकाळचा खेळ. मोरपिशी रंगाची नवी साडी, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. मी त्यांच्या मागच्या रांगेत होते. पडद्यावर त्यांचा चेहरा आला तेव्हा चाळकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या चेहऱ्याने तोंड उघडलं आणि मी बोलले. सगळं थिएटर ऐकत होतं, आणि ह्या दोन रांगा एकदम गप्प झाल्या. कुणीतरी बाई दबक्या आवाजात म्हणाली, "तारावयनी, ह्यो तुझो आवाज नाय गो." तारामावशींची मान शेवटपर्यंत हलली नाही. मला वाटलं, त्या उठून जातील. गेल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन तास त्या स्वतःला माझ्या आवाजात बोलताना बघत बसल्या.

बाहेर लोक अण्णांचे हात हातात घेत होते. तारामावशी त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "अण्णानू," त्या म्हणाल्या, "माझ्या बोलण्यात वायट काय होता?"

अण्णांनी लोकांच्या हातांतला आपला हात सोडवून घेतला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. कुणी सांगण्याची गरज नव्हती, त्यांनी पहिल्याच वाक्याला ओळखलं असणार. माझ्या गालाला हात लावला. "चांगला बोललंस गो, चेडवा. माका असा बोलूक येवचा नाय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो इतकी वर्षं बाळगला नसता.

'वीस पानं' दोन आठवडे चाललं. सोलापूर-नागपूरला लागलं नाहीच. एका परीक्षणात लिहून आलं, की नायिकेचा चेहरा आणि आवाज दोन वेगळ्या घरांतले वाटतात. लालबाग-परळची माणसं, ज्यांनी 'पेटी' तीन-तीनदा पाहिली होती, ती आलीच नाहीत. तारामावशींनी कुणाला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. बातमी आपोआप पोचली. कंपनीने तिसरं चित्र घेतलं, वितरकांच्या सांगण्यावरून, एक विनोदी. दुसरा ध्वनिमुद्रक आणला, आवाज नंतर भरायचे असं ठरलं, त्यामुळे गोधडी परत आईकडे आली. सेटवर कुणीही बोलत असलं, शिंकत असलं तरी चालायचं. अण्णांना ते सहन होत नसे. मध्येच कॅमेरा थांबवायचे आणि "जरा गप्प बसा रे" म्हणायचे. कुणीतरी आठवण करून द्यायचं, की आवाज घेतच नाही आहोत. अर्ध्यावर एक दिवस ते घरी आले आणि म्हणाले, "मला हे येत नाही." चित्र तिथेच थांबलं. कचेरी गेली. पाटी त्यांनी स्वतः काढली, पण घरी आणली नाही; कुठे ठेवली ते आम्ही विचारलं नाही. पुन्हा त्याच स्टुडिओत कामाला लागले, पूर्वी ज्याला त्यांनी काम शिकवलं होतं त्याच्या हाताखाली. जेवताना कामाच्या गोष्टी सांगणं मात्र बंद झालं. आमच्या घरात जेवताना शांतता असायला लागली ती तेव्हापासून.

बऱ्याच वर्षांनी, आजारपणात, ते एकदा मला म्हणाले, की मी लालबागला जाऊन आलो होतो. माफी मागायला. "मग?" मी विचारलं. "पान वाढलं तिने. पोटभर जेवायला घातलं. बोलली नाही एक शब्द." अण्णा गेले तेव्हा गौतमकाका आले. त्यांनी आईजवळ बसून बराच वेळ डोळे मिटले. जाताना मला म्हणाले, "कान चांगला होता वामनचा. माझ्यापेक्षा चांगला. म्हणून राग आला होता." आज तेही नाहीत. तारामावशी त्यांच्या आधीच गेल्याचं मला त्यांच्याकडूनच कळलं होतं.

गेल्या वर्षी कुणा हौशी मुलांना 'वीस पानं'ची एक प्रत सापडली आणि त्यांनी तिचे तुकडे इंटरनेटवर टाकले. लोक ते एकमेकांना पाठवायला लागले. एका दुपारी मला फोन आला. प्रणाली नाव. तारामावशींची नात. कल्याणला आजोळी वाढलेली, लोअर परळला एका बँकेत नोकरी. माटुंग्याला माझ्या घरी आली. तिशीतली मुलगी, तीच ठेंगणी अंगलट. तिचे वडील ती लहान असताना गेले, आजी त्याआधीच. चित्रात माझ्या वडिलांचं नाव वाचून तिने शोधत शोधत मला गाठलं होतं.

"थँक यू म्हणायला आले," ती म्हणाली. "आजीचा एक फोटो सोडला तर आमच्याकडे काही नव्हतं. हे बघितलं तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला मी. ट्रेनमध्ये जाता-येता ऐकते. किती गोड बोलायची ना?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. माझा एकोणीस वर्षांचा आवाज त्यातून आला.

मला गप्प राहता आलं असतं. तिला ते आयुष्यभर पुरलं असतं. मी म्हटलं, "प्रणाली, तो आजीचा आवाज नाही. माझा आहे." आणि मग सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे तसं, शब्द विचारायला गेले होते त्यासकट. फोन तिने उलटा करून टीपॉयवर ठेवला. मला वाटलं, आता उठेल.

"मग ती कशी बोलायची?" तिने विचारलं.

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या चित्रातलं त्यांचं प्रत्येक वाक्य मी वीस-वीसदा ऐकलेलं होतं, श्वासासकट. पुसण्यापूर्वी ते ऐकणारी शेवटची मीच. इतक्या वर्षांत मी ते एकदाही मोठ्याने बोलले नव्हते, स्वतःशीसुद्धा. आता माझा आवाजही पूर्वीचा राहिलेला नाही, घशात खरखर आली आहे. शेवटच्या जेवणाऱ्यापुढे पान मांडतानाचं ते वाक्य मी त्यांच्यासारखं म्हटलं. "माणूस एक आसो नायतर ईस आसोत, चूल पेटवचीच लागता." शेवटी जिथे तो फाटायचा तिथे फाटू दिला.

तिने पटकन फोन उचलला, रेकॉर्ड करायला. मी तिच्या हातावर हात ठेवला. "हे नको भरूस. पुन्हा माझाच आवाज राहील. तू म्हण."

"मला मालवणी येत नाही, मावशी."

"येईल."

तिने म्हटलं. शब्द कल्याणचे आले. मी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा म्हणाली. सूर चढवायचा तिथे तिने उतरवला, आणि स्वतःच मान हलवून परत सुरुवात केली. खाली रस्त्यावर फुलवाल्यांची वर्दळ चालली होती. आम्ही दोघी समोरासमोर बसून एकच वाक्य एकमेकींना सांगत होतो. पाचव्या की सहाव्या खेपेला तिचा आवाज टोकाशी जरासा फाटला, तिला न कळता. मी तोंड उघडलं होतं ते मिटलं, आणि ऐकत बसले.